सात फोटो बाकी असलेला रोल

घणसोली,
रविवार दुपार

प्रिय उत्कर्षा,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी तू दचकली असशील. घाबरू नकोस. माझी तब्येत बरी आहे, शुगर आटोक्यात आहे आणि गुडघे होते तसेच कुरकुरतायत. आजकाल पत्र कोण लिहितं म्हणून तू हसशीलही. पाकीट घ्यायला गेलो तेव्हा पोस्टातल्या बाईनेही माझ्याकडे तसंच बघितलं. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी विषय काढला की "जाऊ दे ना आप्पा, तू नको त्रास करून घेऊ" म्हणतेस, आणि मीही लगेच जाऊ देतो, कारण जाऊ देणं माझ्या सोयीचं असतं. मग मी तुला सोसायटीची लिफ्ट पुन्हा कशी बंद पडली आणि सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून कसा धापा टाकत होता ते सांगतो, तू हसतेस आणि फोन ठेवतेस. कागदावर तुला मला थांबवता येणार नाही, आणि मलाही लिफ्टच्या आड लपता येणार नाही. विषय रोलचा आहे.

तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही पुन्हा लिहितो, कारण सलग सांगितल्याशिवाय पुढचं सांगायचं धैर्य मला व्हायचं नाही. तुझ्या आईचा आणि तुझा एकत्र असा एकही फोटो आपल्या घरात नाही. लग्नाच्या अल्बममध्ये अस्मिता आहे, पण तिथे तू नाहीस. तुझे बालवाडीपासूनचे फोटो आहेत, त्यांत ती नाही. दोघी एकत्र होतात त्या फक्त एका रोलवर. याला कारण तुझी आजी. पोराचा फोटो वर्ष भरायच्या आत काढला तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्या तळवलीतल्या सगळ्याच म्हाताऱ्या मानायच्या, आणि माझी आई रंगूबाई म्हणजे त्या सगळ्यांची पुढारी. तू झालीस तेव्हा मी कॅमेरा घेऊन उरणला तुझ्या आजोळी निघालो, तर तिने तो माझ्या हातातून काढून कपाटात ठेवला आणि किल्ली कनवटीला लावली. अस्मिताला हे सगळं खुळचट वाटायचं, पण सासूशी भांडून फोटो काढावा इतकी काही घाई नव्हती. वर्षभराचा तर प्रश्न होता.

तो कॅमेरा मी कंपनीतल्या एका साहेबाकडून जुना विकत घेतला होता. पिशवीत टाकला तर खांदा दुखेल इतका जड. मी त्याच्यावर जीव टाकायचो, आणि अस्मिता म्हणायची की मला सवत मिळाली ती लोखंडाची. त्या काळी छत्तीस फोटोंचा रोल म्हणजे आमच्यासारख्यांना वर्षभराचा ऐवज. एकेक फोटो विचार करून काढायचा, आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे रोल पुरा संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही. हा नियम कोणी घालून दिला नव्हता, पण मोडायची छाती कोणाची नव्हती. त्यामुळे प्रत्येक घरात असा एखादा रोल असायचाच, ज्याच्या सुरुवातीला गणपती, मध्ये कोणाची तरी मुंज आणि शेवटी पुढच्या वर्षीचा गणपती. आपल्या रोलवर पहिले चार फोटो खंडेनवमीला कंपनीत मशिनींची पूजा झाली तिचे होते. पाचव्यापासून तुझा पहिला वाढदिवस. त्या दिवशी मी हात सैल सोडला आणि एकोणतीस आकड्यापर्यंत गेलो. सात उरले. अस्मिता दुसऱ्या दिवसापासून मागे लागली, द्या ना धुवायला, मला बघायचेत. मी म्हटलं, सात फोटो वाया घालवायचे का? फाल्गुनात प्रसादमामाची हळद आहे, तिथे काढू आणि मग देऊ. ती म्हणाली, "तुमचं म्हणजे ना, दिवाळीचा फराळ होळीला."

फाल्गुन काही तिला दिसला नाही. कावीळ झाली, ती तिने अंगावर काढली, मग पोटात पाणी झालं आणि अकरा दिवसांत सगळं आटोपलं. तू चौदा महिन्यांची होतीस. तेराव्याला आजी चुलीपुढे बसून माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी सांगलेलं ना तुला, फोटू कारू नको. पोरीचा वाचला, आईचा गेला." ती वाईट नव्हती रे बाळा, तिचाही जीव तुटत होता, आणि तिनेच तुला पुढे फुलासारखं वाढवलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. वर्ष भरल्यावरच फोटो काढले होते, हे मी तिला बोलू शकलो असतो. आधी दुःख होतं म्हणून रोल धुतला नाही, नंतर भीती वाटली म्हणून धुतला नाही, आणि पुढे पुढे इतकी वर्षं झाली की आता त्यात काही उरलंच नसेल या विचाराने धुतला नाही. कॅमेरा कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. तुला मी त्याला हात लावू द्यायचो नाही, आठवतं? एकदा तू त्याच्या मागच्या झाकणाशी खेळायला गेलीस, आणि आत उजेड शिरला की रोल संपला, म्हणून मी तुझ्या हातावर फटका मारला होता. तुझ्यावर मी हात उचलला तो तेवढाच.

तीन वर्षांपूर्वी तळवलीचं घर सोडून आपण या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा ट्रंक उघडली आणि मी तुला रोलची सगळी गोष्ट सांगितली. मग तुझी परीक्षा, नोकरी, लग्न, बंगळुरू. यंदा तूच शोधून काढलंस की तुमच्याकडे एक जण जुने रोल धुऊन देतो, आणि जुन्यातले जुने फोटोही बाहेर काढतो. कुरिअरने पाठवायचा नाही, आप्पा, तू स्वतः घेऊन ये, असं तू म्हणालीस. मी जन्मात विमानात बसलो नव्हतो. तू मला पोराला सहलीला पाठवावं तशा सूचना दिल्यास. कॅमेरा मोठ्या बॅगेत टाकायचा नाही, हातातल्या बॅगेत ठेवायचा. फ्लॅशगनचे सेल काढून वेगळ्या पिशवीत घालायचे. आणि मुख्य म्हणजे कॅमेरा तिथल्या तपासणीच्या मशीनमधून जाऊ द्यायचा नाही, त्या किरणांनी जुना रोल खराब होतो. हाताने तपासा म्हणून सांगायचं. तू इंग्रजीत चिठ्ठीही पाठवलीस. ती मी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतली, तीन प्रती, न जाणो एखादी हरवली तर. तुझ्या लग्नाची पत्रिकाही मी इतक्या वेळा वाचली नव्हती.

आता कंपनीच्या फाटकाबद्दल थोडं लिहितो. ते तुला कधी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. ठाणे-बेलापूर रोडवर मी सत्तावीस वर्षं फिटर होतो. सुट्टी झाली की फाटकावर रांग लागायची आणि गोटीराम वॉचमन प्रत्येकाला विचारायचा, आत काय? आपण डबा उघडून दाखवायचा. तांब्याचे तुकडे डब्यातून बाहेर जातात असा साहेबांना संशय होता, आणि एकदोघांच्या डब्यात ते सापडलेही होते. ज्या जमिनीवर ते फाटक होतं तिथे एके काळी आमच्या आजोबांचं भात पिकायचं, पण त्याचा राग करत बसलो असतो तर पगार कोणी दिला असता? पहिली काही वर्षं अपमान वाटला, नंतर सवय झाली. गोटीरामाने विचारायच्या आधीच माझं झाकण उघडलेलं असायचं. इतकं की एकदा घरी आलो, अस्मिताने दारातच विचारलं, आज काय आणलं पिशवीत? आणि मी तिच्यापुढे रिकामा डबा उघडून धरला. ती हसून हसून उंबऱ्यात बसली. "मी काय गोटीराम आहे का?" म्हणाली. पुढे कित्येक दिवस ती मला दारात अडवून मुद्दाम तेच विचारायची.

विमानतळावर मी तीन तास आधी पोचलो. रांगेत माझ्या पुढे एक तरुण होता, त्याच्याकडे दोन मोठे कॅमेरे, पाच-सहा लेन्सा, सगळं ट्रेमध्ये मांडून त्याने सरळ मशीनमध्ये ढकललं आणि पलीकडून उचललं. मला वाटलं, किती सोपं आहे बाबा तुझं. माझी पाळी आली तेव्हा मी कॅमेरा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि चिठ्ठी पुढे केली. मला वाटलं होतं भांडावं लागेल. मनातल्या मनात हिंदीतली वाक्यंही जुळवून ठेवली होती. पण तिथल्या बाईसाहेबांनी चिठ्ठी शांतपणे वाचली, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि एका जवानाला म्हणाल्या, हाताने बघ. इतक्या सहज! मला त्या क्षणी काय आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, जिंकलो. चोवीस वर्षं सांभाळलं, शेवटचं संकटही टळलं, आता पोरीच्या हातात द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

जवान विशीतला असेल, बोलायला मऊ. त्याने कॅमेऱ्यावरून कापडाची चिंधी फिरवली, ती कुठल्याशा यंत्रात घालून बघितली. मग कॅमेरा परत माझ्या हातात देत नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "चाचाजी, अंदर क्या है?" आणि उत्कर्षा, मी उघडून दाखवलं.

हात चुकून लागला असंही मी म्हणू शकत नाही. त्या कॅमेऱ्याचं झाकण उघडायला वरची गुंडी नखाने धरून ओढावी लागते. मी ती ओढली. मागे रांग होती, समोर वर्दी होती, आणि वर्दीतल्या माणसाने आत काय म्हणून विचारलं की तोंडाने उत्तर द्यायचं नसतं, झाकण उघडायचं असतं, हे माझ्या हाताला इतकं पाठ होतं की त्याने मला विचारलंच नाही. त्या पांढऱ्या लख्ख दिव्यांखाली तो तपकिरी रोल मी माझ्या डोळ्यांनी बघितला. एक, दोन, तीन मोजता येतील इतका वेळ. मग मला कळलं मी काय केलंय ते, आणि मी झाकण असं दाबलं की बोटाचं नख फुटलं. जवान म्हणाला, "हो गया चाचाजी, जाइए." त्याला बिचाऱ्याला काय माहीत काय झालं ते. मी पुढे जाऊन खुर्चीवर बसलो. शेजारच्या बाईने पाणी दिलं, तिला वाटलं मला विमानाची भीती वाटतेय.

विमानात मी ठरवलं होतं की उतरल्या उतरल्या तुला सांगायचं. तू आणि यशराजराव बाहेर उभेच होतात. तू मला वाकून नमस्कार करायच्याही आधी कॅमेरा मागितलास, आणि ओंजळीत घेतलास. यशराजराव म्हणाले, "मानलं आप्पा तुम्हाला, चोवीस वर्षं सांभाळलात." मग माझी जीभ उचलली नाही. मनात एक वेडी आशाही होती, की तीनच आकडे मोजले, कदाचित काही राहिलं असेल. आठ दिवसांनी त्या माणसाने पाठवलेले फोटो तू फोनवर उघडलेस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. खंडेनवमीचे चार फोटो आले होते. कपाळाला गुलाल लावून मशिनींपाशी उभे असलेले आम्ही दहा-बारा जण. पुढचे सगळे पांढरेफटक. त्या माणसाने कळवलं होतं की रोल फार जुना झालाय, दोन-तीन वर्षं आधी आणला असता तर काही मिळालं असतं. तू रडली नाहीस. मला चहा करून दिलास आणि म्हणालीस, तरुणपणी काय हिरो दिसायचास रे आप्पा. आणि मी तो चहा प्यायलो.

त्या माणसाचं म्हणणं खोटं आहे, बाळा. त्याला मी काय केलं ते ठाऊक नव्हतं. वयाने गेला असता तर सगळाच रोल गेला असता, मशिनींवरच्या हारातले झेंडू चोवीस वर्षांनी इतके केशरी आले नसते. पहिले चार वाचले कारण काढलेला फोटो आधीच्या फोटोवर गुंडाळला जातो, ते गुंडाळीच्या सगळ्यात आत होते, उजेड तिथवर पोचला नाही. बाहेरच्या वेढ्यांवर तुम्ही दोघी होतात.

ते फोटो मी काढले होते, म्हणून ते मला दिसतात. माझ्याशिवाय आता ते कोणाला दिसणार नाहीत, तेव्हा आठवतात तसे लिहितो. पहिल्यात आजी तुला ओवाळतेय आणि तू निरांजनाच्या ज्योतीला हात घालायला निघालीयस, अस्मिताने तुझं मनगट धरलंय. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, एक पिचलेली. तिला मी म्हटलं होतं, ती काढून टाक, फोटोत दिसेल. ती म्हणाली, दिसू दे. नंतरचे दोन-तीन तू भोकाड पसरलंयस त्याचे, कारण आजीने तुझ्या गालाला एवढं मोठं काजळाचं बोट लावलं आणि ते डोळ्यात गेलं. मग एक आहे त्यात अस्मिता तुझं नाक पुसतेय, कॅमेऱ्याकडे तिचं लक्षच नाही. तो मला सगळ्यात जास्त आवडायचा, न बघताच. एकात तू तिचं मंगळसूत्र तोंडात घातलंयस. एकात दोघी पदराखाली, बाहेर फक्त तुझे पाय आणि तिचं हसणं. तिच्या पुढच्या दातांत फट होती, तशीच तुझ्या आहे. तू ती बारावीत तारा लावून बुजवायला निघालीस तेव्हा मी पैसे नाहीत असं खोटं सांगितलं होतं. अठ्ठाविसावा तिने काढला, माझ्या हातातून कॅमेरा ओढून घेऊन. त्यात मी तुला उचलून धरलंय, बहुधा माझं डोकं कापलं गेलं असणार. एकोणतिसाव्यात तू झोपलीयस आणि ती तुझ्याशेजारी कुशीवर आडवी होऊन माझ्याकडे बघतेय, दमलेली. म्हणतेय, पुरे आता.

हे सगळं मी कधीच सांगितलं नसतं. तुझ्या लेखी मी रोल सांभाळणारा बाप होतो, तसाच मेलो असतो. पण परवा यशराजरावांचा फोन आला. त्यांनी तुला न सांगता केला होता, तेव्हा त्यांच्यावर चिडू नकोस. म्हणाले, सातवा लागलाय आणि उत्कर्षा नीट जेवत नाही. रोज सकाळी मला तिचा फोटो काढायला लावते, पोटावर हात ठेवून, आणि त्याच दिवशी छापून आणायला लावते. का म्हणून विचारलं तर म्हणते, मला काही झालं तर बाळाकडे असू देत, मी आईच्या बाबतीत तीन वर्षं नंतर-नंतर केलं आणि तिला कायमची घालवली. ते ऐकून मी फोन ठेवला आणि वही शोधायला लागलो. उत्कर्षा, तुझ्या तीन वर्षांनी त्या रोलचा केसही वाकडा झाला नव्हता. तुझी आई तुझ्या उशिराने गेली नाही, तिच्या वेळेला आजीने मला दिला तसला बोल तू स्वतःला देऊ नकोस. तो घेऊन जगणं काय असतं ते मी चोवीस वर्षं बघतोय. तुला काहीही होणार नाहीये. दोन घास खा. रडायचं राहिलंय ते रडून घे. आणि रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, कितीही दिवस, बोलू नकोस माझ्याशी. फक्त स्वतःवर रागवू नकोस.

तुझ्या रागाची वाट बघणारा,
तुझाच
आप्पा